पाच पतसंस्थांचा डेटा चढवण्यासाठी मशीन उभं करताना

१ एप्रिल २०२५ ला आमच्या भागातल्या पाच पतसंस्था फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतल्या सॉफ्टवेअरवरून नव्या प्रणालीवर गेल्या. त्यांचा डेटा चढवायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगलीत एकटी काम करते, हाताखाली कोणी नाही. या कामासाठी सप्टेंबर ते मार्च या काळात एक दांडगं मशीन उभं केलं. त्यात कागदपत्रं किती लागली, पैसे किती गेले आणि तीन दिवस झोप का उडाली, ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

सप्टेंबरात संस्थांच्या वार्षिक सभा होतात. २०२४ च्या सभांमध्ये पाचही ठिकाणी एकच विषय निघाला. जुनं सॉफ्टवेअर लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्येच थांबवला आहे आणि एका संस्थेची व्यवहारांची फाइल दोन जीबीच्या जवळ पोहोचली होती. फॉक्सप्रोची एक फाइल दोन जीबीच्या पुढे जातच नाही. म्हणजे एखाद्या दिवशी काउंटरवर पिग्मीची पावती फाडताना सगळं ठप्प होणार, हे दिसत होतं.

एका संस्थेचा डेटा मी माझ्या लॅपटॉपवर चढवून पाहिला. २२ वर्षांचे व्यवहार, सुमारे १ कोटी ४० लाख नोंदी. १९ तास लागले. असं एकदा करून भागत नाही. चढवायचं, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) काढायची, जुन्या तेरजेशी लावून बघायची, चूक शोधायची, पुसायचं, पुन्हा चढवायचं. एका संस्थेच्या अशा दहा-बारा फेऱ्या होतात. पाच संस्था, आणि सगळ्यांना ३१ मार्चची रात्रच हवी, कारण वर्ष तिथे संपतं. लॅपटॉपवर हे बसणारच नव्हतं.

भाड्याचा सर्व्हर घ्यावा असं आधी मनात होतं. पण सभासदांची नावं, पत्ते, ठेवी आणि थकबाकी गावाबाहेर पाठवायला तीन संस्थांच्या संचालक मंडळांनी नकार दिला आणि मला तो नकार पटला. मग प्रत्येक संस्थेकडून तीन कागद घेतले: संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत, डेटा ताब्यात दिल्याचं पत्र आणि गोपनीयतेचा करार. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाऐवजी ५०० चा लागतो, त्यामुळे पाच करारांचे २,५०० रुपये आणि नोटरीचे वेगळे. हा खर्च कोणाचा, ते आधीच बोलून घ्या. मी बोलले नव्हते, म्हणून मीच भरला.

मशीनसाठी बँकेचं कर्ज काढायचं ठरवलं. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, तीन वर्षांची विवरणपत्रं, संस्थांची कामाची पत्रं आणि तीन कोटेशन लागली. दिवाळी उरकून ८ नोव्हेंबरला अर्ज दिला. मग विधानसभेची निवडणूक आली. कर्ज बघणारे साहेब निवडणुकीच्या कामावर गेले आणि २५ तारखेपर्यंत फाइल जागची हलली नाही. ४ डिसेंबरला मंजुरी आली: १,४६,००० च्या कोटेशनवर ७५ टक्के, म्हणजे १,०९,५००. तोवर कोटेशनची मुदत संपलेली. नवं आलं ते १,४७,९०० चं. वरचे १,९०० आणि माझा हिस्सा मिळून ३८,४०० मी भरले. बँक पैसे आपल्या हातात देत नाही, थेट दुकानदाराच्या खात्यावर पाठवते. म्हणून कोटेशनवर दुकानदाराचा खाते क्रमांक आणि जीएसटी क्रमांक छापलेला असावा, नाहीतर आणखी एक हेलपाटा पडतो. १२ डिसेंबरला पैसे पोहोचले.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि डिस्क मुंबईतून लॅमिंग्टन रोडवरून घेतल्या. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि यूपीएस सांगलीत. जड वस्तू गावातच घ्यायच्या. बिघडल्या तर रिक्षात घालून दुकानात नेता येतात. १५ डिसेंबरच्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले, दादरला उतरून धीम्या लोकलने ग्रँट रोडला गेले. दुकानं उघडायला अकरा वाजतात, त्यामुळे फार लवकर पोहोचून उपयोग नाही.

दुकानदार चांगले होते, पण ग्राफिक कार्डाचा आग्रह सोडेनात. "मॅडम, एवढा मोठा प्रोसेसर आणि कार्ड नको?" मी घेतला तो रायझन ९ ७९५०एक्स, १६ कोअरचा. त्यात पडद्यापुरतं ग्राफिक आतच असतं. डेटा चढवायला कार्डाचा काडीचा उपयोग नाही. वाचलेले पैसे डिस्कमध्ये घाला. आकडे सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. प्रोसेसर ४७,५००, मदरबोर्ड २१,८००, ३२ जीबीच्या चार रॅम ३४,४००, दोन टीबीच्या दोन एनव्हीएमई (अतिवेगवान) डिस्क २९,२००, बॅकअपची चार टीबीची हार्ड डिस्क ९,४००, कूलर ५,६००. सांगलीत पॉवर सप्लाय ९,३००, कॅबिनेट ६,२००, यूपीएस ७,४००. या सगळ्यात जीएसटी धरलेला आहे. तो सुमारे २६,००० होतो आणि नोंदणी असेल तर वजा मिळतो. पण बिलावर आपला जीएसटी क्रमांक हवा आणि दुकानदाराने विवरण भरल्यावर ते बिल आपल्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या विवरणात) दिसायला हवं. माझं १४ जानेवारीला दिसलं. संगणकावर घसारा ४० टक्के असतो, पण डिसेंबरात घेतलेलं मशीन त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलं जातं, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच, २० टक्के. कर्जाचा हप्ता ठरवताना मी हा हिशेब उलटा धरला होता.

बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानात गर्दी असली तरी अडून बसा. वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

मशीन लावण्याआधी वायरमन दादांना बोलावलं. त्यांनी मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला. ११ व्होल्ट. तो दोन-तीनच्या आत असावा लागतो. जुनी अर्थिंग कोरडी पडली होती. मागच्या अंगणात नवा खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरला, पट्टी गाडली, ४,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी दाब दीड व्होल्टवर आला. हे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

१९ डिसेंबरला जोडणी केली. या प्रोसेसरला खाली पिना नसतात, त्या मदरबोर्डच्या खाचेत असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. माझ्या हातापायातलं बळ गेलं. पावणेदोन लाखांचं सामान आणि पडद्यावर काही नाही. बंद करणारच होते, तेवढ्यात मदरबोर्डवरचा रॅमचा बारीक पिवळा दिवा लागलेला दिसला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की मशीन तिचा अंदाज घेत राहतं. चार रॅम असतील तर त्याला बराच वेळ लागतो. बाराव्या मिनिटाला पडदा उजळला. तुमचंही असंच झालं तर वीज बंद करू नका. चहा ठेवा.

त्या संध्याकाळी मी जे केलं, त्याची किंमत पुढे मोजावी लागली. रॅमच्या खोक्यावर ५,६०० वेग छापलेला होता. मी सेटिंगमध्ये जाऊन तो चालू केला. हाच प्रोसेसर दोन रॅमना ५,२०० पर्यंत आणि चार रॅमना फक्त ३,६०० पर्यंत अधिकृतपणे चालवतो, हे मी वाचलं नव्हतं. मशीन सुरू झालं, उबंटू ही कार्यप्रणाली बसली, सगळं भराभर चाललं, म्हणून मला वाटलं जमलं. रॅमची चाचणी रात्रभर चालते. मी ती टाळली, कारण महिना आधीच हातातून गेला होता.

मांडणी अशी केली. एका एनव्हीएमईवर पाच संस्थांचे पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधले पाच वेगळे डेटाबेस, दुसरीवर त्यांचे लॉग (बदलांच्या नोंदी) आणि जुनं सॉफ्टवेअर चालवायला आभासी विंडोज. जुनी तेरीज जुन्याच प्रोग्राममधून छापली तर नंतर वाद होत नाही. दोन्ही डिस्क कूटबद्ध केल्या. संस्थेतून आणलेल्या मूळ फाइलना कधी हात लावला नाही. त्यांचा हॅश (फाइलमधून निघणारा आकडा, फाइल जराही बदलली तर तोही बदलतो) तिथेच संस्थेत काढून कागदावर लिहायचा आणि व्यवस्थापकांची सही घ्यायची, हा नियम ठेवला. मार्चमध्ये एका ठिकाणी "तुम्ही आणलेली फाइल वेगळी होती" असं निघालं, तेव्हा तो कागद काढून दाखवला आणि दोन मिनिटांत प्रश्न मिटला.

नोंदी एकेक करून घालायच्या नाहीत, घाऊक कॉपी करायच्या. इंडेक्स (शोधसूची) शेवटी बांधायचे. एवढ्याने निम्मा वेळ वाचतो. फॉक्सप्रोची एक खोड लक्षात ठेवा. पुसलेली नोंद फाइलमध्ये तशीच पडून राहते, तिच्या पहिल्या जागी फक्त एक फुली येते. ती न बघता सगळं वाचलं तर २००६ साली रद्द केलेल्या पावत्याही जिवंत होतात. एका संस्थेत माझ्याकडून हेच झालं आणि शेअर्सचं खातं चार लाखांनी फुगलं.

४ जानेवारी, शनिवार. पाचही संस्था एकदम लावल्या. लॅपटॉपवर १९ तास घेणारी संस्था एकटी असती तर सव्वा तासात झाली असती. पाची मिळून दोन तास चाळीस मिनिटं लागली. मी उठून घरभर फिरून आले. इतका आनंद झाला होता.

मग तेरीज काढल्या. चार जुळल्या. तिसऱ्या संस्थेत ५,२४२ रुपये ८८ पैशांचा फरक.

फरक येणं नवं नव्हतं. व्याजाची रक्कम पूर्ण करण्याची पद्धत, उघडं राहिलेलं खातं, काहीतरी सापडतं. मी त्या रकमेची नोंद शोधली. नव्हती. दुप्पट शोधली, निम्मी शोधली. कोणत्या सदरात फरक आहे ते कळलं: मुदत ठेव. पण ठेवीचे सगळे व्यवहार जुन्या फाइलीत बरोबर होते. पुन्हा चढवलं तर तिसरी संस्था जुळली, आणि पाचव्या संस्थेत ६४ पैशांचा फरक आला, जो आधी नव्हता. तोच प्रोग्राम, त्याच फाइली, आणि दर वेळी उत्तर वेगळं. ६४ पैसे मी पूर्णांकाच्या हिशेबात ढकलून देऊ शकले असते. पुष्कळ जण देतात. पण एखाद्या आजीच्या ठेवीतले पैसे कुठे गेले हे मला सांगता येत नसेल, तर मी सही कशावर करणार होते? तीन दिवस मी माझा प्रोग्राम ओळ ओळ वाचत राहिले. मग दुसरी कामं आली, पण तो कागद टेबलावर तसाच होता.

संक्रांतीला भाचा तिळगूळ घेऊन आला. तो तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. कागदावरचे दोन आकडे बघून म्हणाला, "आत्या, पैशात लिहून बघ ना." मी रक्कम पैशातच साठवते, त्यामुळे लगेच लिहिलं: ५,२४,२८८ आणि ६४. "हा दोनचा एकोणिसावा घात," तो म्हणाला, "आणि हा सहावा."

माणसाची चूक अशी नसते. कारकून चुकला तर आकडे उलटसुलट होतात, शून्य पडतं. बरोबर दोनच्या घाताचा फरक म्हणजे मशीनमध्ये कुठेतरी एक बिट उलटलं. शून्याचं एक झालं. पोस्टग्रेसमध्ये मी चेकसम (बिघाड ओळखायचा पडताळणीचा आकडा) चालू ठेवला होता, पण तो डिस्कवर गेलेल्या पानाचा चेकसम असतो. पान लिहिण्याआधी रॅममध्येच आकडा बदलला, तर चुकीच्या आकड्यावर बरोबर चेकसम पडतो. डीडीआर५ मध्ये आत चूकदुरुस्ती असते असं मी वाचून होते. ती फक्त चिपच्या आतल्यापुरती, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचा उपयोग नाही.

त्याच रात्री रॅमची चाचणी लावली. चाळिसाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली. सकाळपर्यंत ११. वेग ३,६०० वर आणला आणि पुन्हा लावली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, चार फेऱ्या, एकही ओळ नाही. तेव्हा तिळगूळ गोड लागला.

आणि वेग किती गेला? पाच संस्थांना दोन तास चाळीस मिनिटांऐवजी दोन तास बावन्न. बारा मिनिटांसाठी मी दहा दिवस घालवले होते. हेच मशीन पुन्हा घ्यायचं झालं तर मी ईसीसी रॅम (अशी चूक स्वतःच पकडणारी) चालणारा मदरबोर्ड आणि तशीच रॅम घेईन, थोडे जास्त पैसे गेले तरी. आधीच्या सगळ्या फेऱ्या मी रद्द धरल्या आणि शून्यापासून पुन्हा चढवल्या. शिवाय प्रत्येक संस्था आता दोनदा चढवायची आणि दोन्ही निकाल ओळ ओळ ताडायचे, असं ठरवलं. मशीन वेगवान असल्यामुळेच हे परवडलं.

फेब्रुवारी अक्षरांत गेला. जुना मजकूर आठ-बिटांच्या फॉन्टमध्ये होता. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलटी. हे ठाऊक होतं, तयार तक्ता होता. अडलं ते कऱ्हाडवर. आमच्या भागातल्या हजारो पत्त्यांत 'ता. कऱ्हाड' आहे आणि माझ्या तक्त्याने त्या आडव्या रचं साधं र् केलं. सगळीकडे 'कर्हाड' उमटलं. तक्ता सुधारला, तर दुसरी गंमत: ऱ् दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधला तर एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲड.' चंही तेच, काही ठिकाणी एक अक्षर, काही ठिकाणी अ वर वेगळा चंद्र. सगळं एकाच रूपात आणा आणि नव्या प्रणालीत टाइप होतं तेच रूप घ्या. एका संस्थेतल्या लिपिक मामांनी २,३०० नावं डोळ्यांखालून घातली. ते म्हणाले, "मॅडम, नाव चुकलं तर माणूस पैशापेक्षा जास्त भांडतो."

मार्चमध्ये ऊन वाढलं. हा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला की ९५ अंशांपर्यंत जाणारच, तशीच त्याची रचना आहे, पण आमच्याकडे दुपारी बाहेरच ३८ असतं. सेटिंगमध्ये कमी वीज घेणारा इको मोड लावून तो १०५ वॉटवर बांधला. वेळ सात-आठ मिनिटांनी वाढला आणि यूपीएसवर १४ ऐवजी २१ मिनिटं मिळायला लागली. वीज गेली की दहाव्या मिनिटाला पोस्टग्रेस आपणहून नीट बंद होईल, अशी सोयही केली. मार्चमध्ये ती तीनदा वापरली गेली.

३० मार्चला पाडवा, ३१ ला ईद. संस्थांमध्ये मात्र वर्षअखेरीची गडबड. रात्री साडेनऊपासून एकेका संस्थेचा दिवस बंद होत गेला. भाचा मोटारसायकलवरून पाच ठिकाणच्या फाइली आणि सही केलेले हॅशचे कागद आणत होता. शेवटचा कागद पावणेबाराला आला. १२ वाजून ५ मिनिटांनी पहिली फेरी लावली, तीनला संपली. दुसरी लावली. तोवर पहिलीच्या तेरीज काढल्या. एक, दोन, चार, पाच जुळल्या. तिसरीच्या वेळी मी आकडा मोठ्याने वाचला, भाच्याने जुन्या छापील कागदावर बोट ठेवलं. पैशासकट तोच.

सहा वाजता दुसरी फेरी संपली. ओळ ओळ ताडून पाहिलं, फरक शून्य. पाचही व्यवस्थापकांना फोन केले.

दहा वाजता मी मामांच्या काउंटरपाशी उभी होते. कऱ्हाडकडचे एक आजोबा पासबुक घेऊन आले. मामांनी ते छपाईयंत्रात सरकवलं, पान बाहेर आलं, तेव्हा आधी शिल्लक बघितली नाही, पत्त्याच्या ओळीवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.